तारे किती, यापेक्षा ते कोणाचे आणि कधीचे?

प्रश्न : उधारीची वही मोबाइलवर ठेवण्यासाठी दोन ॲप पाहिली. एकाला ४.६ आणि दुसऱ्याला ४.३ तारे आहेत. पहिलेच घ्यावे का? (किराणा दुकानदार, नाशिक)

उत्तर : एवढ्याशा फरकावर निर्णय घेऊ नये. प्ले स्टोअरवरचा आकडा म्हणजे आजवर मिळालेल्या सगळ्या ताऱ्यांची साधी सरासरी नव्हे. ऑगस्ट २०१९ पासून गूगल अलीकडच्या ताऱ्यांना अधिक वजन देते आणि नोव्हेंबर २०२१ पासून फोनवर आपल्याच देशातील वापरकर्त्यांचे रेटिंग दाखवते. ॲपलच्या ॲप स्टोअरवरही रेटिंग देशागणिक वेगळे असते. शिवाय नवी आवृत्ती आणताना जुने एकत्रित रेटिंग पुसून पहिल्यापासून सुरुवात करण्याची मुभा कंपनीला असते, लेखी अभिप्राय मात्र तसेच राहतात. म्हणून एकाचा आकडा अँड्रॉइडवरून आणि दुसऱ्याचा आयफोनवरून घेणे म्हणजे एक पोते आपल्या काट्यावर आणि दुसरे शेजाऱ्याच्या काट्यावर तोलणे आहे.

अभिप्राय नव्यापासून जुन्याकडे लावून घ्या आणि दोन-तीन तारे देणाऱ्यांचे आधी वाचा. एक तारा देणारा बहुधा रागात असतो, पाच देणारा पुष्कळदा ‘छान’ एवढेच लिहून जातो. काय चालते आणि कुठे अडते हे दोन्ही सांगणारा माणूस मधल्या ताऱ्यांत सापडतो. आपली खरी भीती वही हरवण्याची, तेव्हा फोन बदलल्यावर नोंदी परत मिळाल्या की नाही, हे दोन्हीकडे शोधा.

प्रश्न : आमची लहान कंपनी बसची तिकिटे काढण्याचे ॲप चालवते. दोन स्पर्धकांच्या अभिप्रायांवरून आपण कुठे कमी पडतो ते पाहायचे आहे. पद्धत काय ठेवावी? (पुणे)

उत्तर : पहिली अट अशी की तिन्ही ॲपचे अभिप्राय एकाच स्टोअरमधले आणि एकाच कालखंडातले असावेत. पगानो आणि मालेज या संशोधकांनी २०१३ मध्ये ॲप स्टोअरवरील दहा लाखांहून अधिक अभिप्राय तपासले, तेव्हा नवी आवृत्ती आल्यावर लगेच अभिप्रायांचा ओघ वाढतो आणि तो झपाट्याने ओसरतो, असे दिसले होते. त्यात तुमचा धंदा हंगामी. गणपतीला कोकणात जाणाऱ्यांच्या गर्दीतले त्यांचे अभिप्राय आणि ऐन पावसाळ्यातल्या सुस्त आठवड्यांतले तुमचे, अशी तुलना केली तर निष्कर्ष उगाच तुमच्या बाजूने झुकेल.

दुसरे, ताऱ्यांवर विसंबू नका, मजकूर फोडा. समजा कोणी लिहिले : ‘ॲप मस्त आहे, पण पैसे कट झाले, तिकीट आले नाही आणि फोन कोणी उचलत नाही’, आणि वर तारे दिले चार. इथे एक कौतुक आणि दोन तक्रारी आहेत. त्या पैसे भरणे आणि ग्राहकसेवा अशा वेगवेगळ्या खात्यांत मांडाव्या लागतील. हे काम दोघांनी एकमेकांचे न पाहता करावे आणि जिथे दोघांचे जमत नाही तिथे खात्याची व्याख्याच तपासावी. शब्द शोधून मोजणार असाल, तर ‘परतावा’ शोधून फारसे काही हाती लागणार नाही. लोक ‘रिफंड’ लिहितात, तेही रोमन लिपीत आणि चार तऱ्हांनी.

मोजताना छेद विसरू नये. तुमच्या ४०० लेखी अभिप्रायांत रिफंडच्या ६० तक्रारी असतील आणि स्पर्धकाच्या २,००० मध्ये १६०, तर त्यांच्या तक्रारी संख्येने जास्त असूनही प्रमाण तुमचे १५ टक्के आणि त्यांचे ८ टक्के ठरते. आणि एक सापळा हमखास फसवतो : जी सोय ॲपमध्ये नाहीच, ती बिघडल्याची तक्रार कोणी करत नाही. स्पर्धकाकडे बस नकाशावर दाखवण्याची सोय नसेल, तर तिथली शांतता हा त्याचा गुण समजू नका. ‘ही सोय द्या’ अशा मागण्या वेगळ्या मोजल्या की हे उघडे पडते.

प्रश्न : खोटे अभिप्राय कसे ओळखावेत? (कोल्हापूर)

उत्तर : एकाच दिवशी आलेली एकसारखी स्तुती आणि ज्यात ॲपच्या एकाही कामाचा उल्लेख नाही असा मजकूर बाजूला ठेवावा. खरी माणसेसुद्धा ॲपशी संबंध नसलेल्या रागापोटी तारे देतात, हे अधिक लक्षात ठेवण्याजोगे आहे. एप्रिल २०१७ मध्ये स्नॅपचॅटच्या प्रमुखांच्या तोंडी घातल्या गेलेल्या एका विधानावरून भारतीयांनी त्या ॲपला एक-एक तारा दिला, आणि नामसाधर्म्यामुळे बिचाऱ्या स्नॅपडीललाही प्रसाद मिळाला. मे २०२० मध्ये टिकटॉकचे रेटिंग असेच कोसळले आणि गूगलने लाखो अभिप्राय काढून टाकले. असा काळ तुलनेतून वगळलेलाच बरा. भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक नोव्हेंबर २०२२ मध्ये आणले, पण ते ऐच्छिक म्हणून आले. छाननी आपली आपणच करावी लागते.

प्रश्न : अभिप्रायाखाली कंपनीने दिलेली उत्तरे वाचावीत का? (ठाणे)

उत्तर : अवश्य. ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, आम्हाला ईमेल करा’ हेच वाक्य वीस ठिकाणी चिकटवलेले दिसले, तर ती उत्तरे जमेस धरू नका. ‘ही चूक पुढच्या आवृत्तीत दुरुस्त केली आहे’ असे उत्तर दिसले, तर त्या तारखेनंतर तीच तक्रार पुन्हा येते का, ते पाहा.