दोन विषयांची ओढ आणि ‘ना धड इकडची, ना धड तिकडची’ ही भीती

बारावीच्या निकालाचे दिवस जवळ आले की रत्नागिरीतील माझ्या समुपदेशन केंद्रात येणाऱ्या पालकांच्या तोंडी एकच वाक्य असते : “दोन दगडांवर पाय ठेवून कुणाचं भलं झालंय का?” कुणाच्या मुलाला बीबीए करायचे असते, पण इतिहासही सोडवत नसतो. कुणाच्या मुलीने विज्ञान घेतलेले असते, पण तिचा जीव हिशेबात आणि बाजारात रमतो. पालकांना माझ्याकडून एकाच शाखेचे नाव हवे असते आणि ते मी ताबडतोब सांगावे अशी त्यांची अपेक्षा असते. हा प्रश्न इतक्या घरांतून, इतक्या सारख्या शब्दांत माझ्यापुढे आला आहे की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहावे असे वाटले. त्यासाठी एका मुलीची हकीकत सांगते. तिच्या व तिच्या वडिलांच्या संमतीने ओळखीचे तपशील बदलले आहेत आणि तिला येथे मुग्धा म्हटले आहे.

मुग्धा राजापूर तालुक्यातील. घरची हापूसची बाग, वडील स्वतः राबणारे बागायतदार. बारावी विज्ञानाला गुण चांगले मिळतील याची तिला खात्री होती, तरी पहिल्या भेटीत तिचा चेहरा पडलेला होता.

“मॅडम, दोष माझ्यातच आहे,” ती म्हणाली. “ज्याला खरंच काही आवडतं, त्याला एकच गोष्ट आवडते. मला बॉटनी आवडते, म्हणून वाटतं बीएस्सी करावं. मग वाटतं, धंदा शिकायला हवा, बीकॉम करावं. घरी सगळे म्हणतात, ही चंचल आहे.”

“आणि तुला काय वाटतं?”

“मलाही तसंच वाटतं.”

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने काम करणारी समुपदेशक आहे. परिस्थितीपेक्षा परिस्थितीविषयीची आपली समजूत आपल्याला अधिक छळते, हे या पद्धतीचे प्रवर्तक, अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचे प्रतिपादन मला इतक्या वर्षांच्या अनुभवात पुन:पुन्हा खरे ठरताना दिसले आहे. मुग्धेला दोन विषय आवडतात याचा त्रास नव्हता. दोन विषय आवडणारा माणूस गंभीर नसतो, ही उसनी समजूत तिने निमूटपणे स्वतःची म्हणून स्वीकारली होती आणि त्रास त्या समजुतीचा होता. परंतु अशी समजूत केवळ युक्तिवादाने जात नाही. ती खोटी ठरवणारा पुरावा त्या माणसाच्याच आयुष्यातून काढून त्याच्यापुढे ठेवावा लागतो. म्हणून आवडीनिवडीची चर्चा थांबवून मी तिला विचारले, “कोणी सांगितलेलं नसताना, परीक्षेत येणार नसताना तू नेमानं काय करतेस?”

ती बराच वेळ आठवत राहिली. “तसं काही नाही. बागेची वही लिहिते.”

पुढच्या भेटीला तिने ती वही आणली. खाकी कव्हर घातलेली दोनशे पानी वही होती आणि कव्हरवर आंब्याच्या चिकाचे काळपट डाग होते. डाव्या पानावर तारखेनुसार नोंदी होत्या : मोहोर कोणत्या कलमांना आधी आला, तुडतुडे कधी दिसले, फवारणी कोणत्या दिवशी केली, ढगाळ हवा किती दिवस टिकली, कणी म्हणजे नुकती धरलेली बारीक फळे किती गळली. उजव्या पानावर वाशीच्या बाजारातील आडतदाराकडून आलेल्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, चिकटवलेल्या होत्या. पेट्यांची संख्या, मिळालेला भाव, वजा केलेली हमाली व वाहतूक या आकड्यांखाली तिने लाल शाईने रेघा मारल्या होत्या. ज्या खेपेला साक्याची, म्हणजे फळाच्या आतल्या दोषाची, तक्रार आली होती तिच्यासमोर फुली होती. साका बाहेरून दिसत नाही. फळ कापले की आतला गर पांढुरका, स्पंजासारखा निघतो आणि तोवर बागायतदाराचे नाव खराब झालेले असते. अशा एका फुलीखाली तिने लिहिले होते : “कातळाकडच्या कलमांच्या फळात साका जास्त का? तसं असेल तर ही फळं लवकर उतरवून बाजारात पाठवावीत की सरळ कॅनिंगला द्यावीत?”

मी ते वाक्य तिला मोठ्याने वाचायला सांगितले. मग विचारले, “हा प्रश्न कोणत्या शाखेचा?”

“पहिला अर्धा बॉटनीचा.” ती थांबली. “दुसरा कॉमर्सचा.”

“प्रश्न किती आहेत?”

तिने वहीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, पुन्हा वहीकडे पाहिले. “एकच आहे,” ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

समुपदेशकाच्या कामात असे क्षण मागून मिळत नाहीत. जिला सगळे चंचल म्हणत होते, ती मुलगी तीन हंगाम एकाच प्रश्नाला चिकटून बसली होती. तिचे विषय दोन होते, परंतु तिचे लक्ष एका जागेवरून हलले नव्हते. हे तिला मी सांगितले असते तर ते धीर देणारे चार शब्द ठरले असते. तिने ते स्वतःच्या अक्षरात वाचले, म्हणून ते तिच्यात उतरले. त्या दिवशी मला जी कसोटी स्पष्ट दिसली तिच्यावर आज माझा पूर्ण विश्वास आहे : दुसरा विषय शिकल्यावर मूल पहिल्या विषयाकडे अधिक चांगला प्रश्न घेऊन परतते का? परतत असेल तर तो संगम आहे. दुसरा विषय पहिल्यातल्या अवघड प्रकरणापासून सुटण्याची वाट असेल, तर ते पळणे आहे आणि त्यावर वेगळे काम करावे लागते.

पळणारी मुलेही येतात. अकाउंट्स जमेना म्हणून मानसशास्त्राकडे, तिथे संख्याशास्त्र आले म्हणून पत्रकारितेकडे निघालेला एक मुलगा माझ्याकडे आला होता. त्याला मी विषय जोडण्याचा सल्ला दिला नाही. त्याने आधी अकाउंट्सचा एक पेपर नीट अभ्यास करून उत्तीर्ण व्हावा, मग बोलू, असे सांगितले आणि तो झालाही.

मुग्धेचे वडील ऐन हंगामातून वेळ काढून आले. “मॅडम, एक काहीतरी शिकून नोकरीला लागली की आम्ही सुटलो. दोन्हीकडं हात घालून ना धड इकडची, ना धड तिकडची व्हायची.” मी काही न बोलता ती वही त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी पाने उलटली. पट्ट्या त्यांना ओळखीच्या होत्या, डावी पाने त्यांनी कधी पाहिली नव्हती. साक्याच्या प्रश्नापाशी ते थबकले आणि मुलीला म्हणाले, “कातळाकडची सगळी नाहीत. विहिरीच्या वरच्या अंगाची तेवढी.” ती म्हणाली, “नाही बाबा, मागच्या साली खालच्या ओळीतही होता, मी लिहिलंय.” दोघांचा वाद रंगला आणि मी ऐकत राहिले. बापलेकीत एवढे बोलणे कित्येक महिन्यांत झाले नव्हते, असे मुग्धेने मला नंतर सांगितले.

वाद शमल्यावर मी त्यांना चिंतामणराव देशमुखांविषयी सांगितले. महाडजवळच्या नाते गावी 1896 साली जन्मलेल्या या कोकणच्या सुपुत्राने मॅट्रिकला संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली, केंब्रिजला निसर्गविज्ञानाची पदवी घेताना वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक पटकावले, पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि स्वतंत्र भारताचे अर्थमंत्रीही झाले. संस्कृत, वनस्पतिशास्त्र आणि देशाचा पैसा या तिन्हींनी त्यांना कुठेही अर्धवट ठेवले नाही. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग फी दोन्हीकडं भरायची का?” पालक फीविषयी विचारू लागला म्हणजे भीती ओसरून नियोजन सुरू झाले, असे मी समजते.

आता नियोजनाविषयी. हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते बागायतदाराच्या उपयोगी पडायचे तर फळाचे शास्त्र, बाजाराचे गणित आणि आपली बाजू नीट मांडणारी भाषा अशी तिन्ही एका घरात असावी लागतात. आमच्या किनाऱ्यावरील मासळी, काजू, कोकम, पर्यटन या साऱ्यांविषयी हेच म्हणता येईल. असे शिक्षण घेण्याचे मार्ग आज नियमांतच आहेत, परंतु पालकांपर्यंत ते पोहोचलेले नाहीत. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आपल्या राज्यातील संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून नवी रचना आली आहे. तीत मुख्य विषय म्हणजे मेजर एक असतो, मायनर म्हणजे दुय्यम विषय दुसऱ्या विद्याशाखेतूनही घेता येतो आणि ओपन इलेक्टिव्ह म्हणजे खुला ऐच्छिक विषय तर मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. म्हणजे वाणिज्याच्या मुलाला कला किंवा विज्ञानाचा थोडा तरी अभ्यास करावाच लागणार आहे. तो हाताला येईल तो न घेता आपल्या प्रश्नाशी जोडून निवडावा, एवढेच माझे आग्रहाचे सांगणे आहे. बहुसंख्य मुलांना एक मेजर आणि विचारपूर्वक घेतलेला मायनर पुरेसा होतो. मात्र नियमात असलेला मायनर तुमच्या गावच्या महाविद्यालयात शिकवला जातोच असे नाही, म्हणून प्रवेश घेण्याआधी विभागात जाऊन वेळापत्रक प्रत्यक्ष पाहावे.

दुसरा मार्ग दोन पदव्यांचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल 2022 मध्ये एकाच वेळी दोन पदव्या घेण्यास मुभा दिली. एक पदवी महाविद्यालयात जाऊन आणि दुसरी दूरस्थ किंवा मुक्त पद्धतीने घेता येते. दोन्ही ठिकाणी जाऊन शिकायचे असल्यास तासिकांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. दूरस्थ अभ्यासक्रमाला आयोगाची मान्यता आहे याची खात्री आधी करावी. हा मार्ग मी सरसकट सुचवत नाही, कारण त्याला शिस्त फार लागते.

क्रमाचाही विचार हवा. विज्ञानातील प्रयोगशाळेचे काम वय निघून गेल्यावर जोडणे कठीण असते, तर व्यवस्थापन नंतरही शिकता येते, कारण एमबीएची सीईटी म्हणजे सामायिक प्रवेश परीक्षा कोणत्याही शाखेच्या पदवीधराला देता येते. ज्यांना बारावीनंतर लगेच बीबीए किंवा बीएमएस या व्यवस्थापनाच्या पदव्या घ्यायच्या आहेत त्यांनी हे अभ्यासक्रम 2024-25 पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले असून त्यांच्यासाठी राज्यात सीईटी असते, हे ध्यानात ठेवावे. त्या परीक्षेची तारीख हुकल्यामुळे हिरमुसलेली मुले मी दर जूनमध्ये पाहते.

मुग्धेने रत्नागिरीत वनस्पतिशास्त्र मुख्य विषय घेऊन बीएस्सीला प्रवेश घेतला आणि बीकॉमसाठी नाशिकच्या मुक्त विद्यापीठात नाव नोंदवले. ओपन इलेक्टिव्हमध्ये तिने अर्थशास्त्र निवडले. पहिल्या वर्षी प्रात्यक्षिके आणि बीकॉमची परीक्षा एकाच आठवड्यात आली, तेव्हा ती घाबरून फोनवर रडली. दोन्ही वेळापत्रके समोर ठेवून आम्ही बीकॉमचा एक पेपर पुढच्या सत्रावर ढकलला. यंदा तिने बागेतील प्रत्येक कलमाला क्रमांक दिले आहेत आणि फळ उतरवल्याची तारीख व साक्याचे प्रमाण त्या क्रमांकासमोर तिचे वडील लिहितात.