सुट्टीचा शेवटचा दिवस वेंगुर्ल्यात आहे, आम्ही दोघंच, एका दिवसात काय काय उरकता येईल?

तो 'उरकता' शब्द वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय.

तुम्ही म्हणताय आठ दिवसांची सुट्टी संपत आलीय, शेवटचा अख्खा दिवस हातात आहे आणि त्यात वेंगुर्ला, आरवली, शिरोडा, रेडी, तेरेखोल आणि जमलं तर मालवण. मालवण आत्ताच काढून टाका, ते उलट्या दिशेला आहे आणि सिंधुदुर्ग किल्ल्यालाच अर्धा दिवस जातो, होडीची रांग वेगळी. बाकीचं सगळं दक्षिणेकडे एकामागून एक लागतं, तेरेखोलला गोव्याची हद्द सुरू. गाडी असेल तर एका दिवसात होतं. होतं, पण करू नका, आणि का ते सांगते.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही दोघं असेच गेलो होतो, मुलगी बाहेर शिकायला गेल्यावरची आमची पहिलीच दोघांची ट्रिप, लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर. त्याआधीच्या सगळ्या ट्रिपा माझ्या मोठ्या दिरांच्या प्लॅनने झाल्या, म्हणजे सुमो भरून माणसं, पहाटे पाचला निघायचं, प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं, फोटो, चला चला. सासूबाईंचे गुडघे दुखायचे तर त्या गाडीतच बसून राहायच्या आणि घरी आल्यावर शेजारी सांगायच्या की अकरा ठिकाणं पाहिली. ह्या वेळी दीर बरोबर नव्हते पण व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांची लिस्ट आली होतीच, वेळांसकट. बंदर साडेसात ते सात पन्नास.

साडेसातला आम्ही बंदरावर पोचलो ते बरोबर. घरगुती राहायचं ठिकाण होतं, तिथल्या काकींनी आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबार घातलं होतं पोटभर, त्यामुळे घाई अशी कोणालाच नव्हती. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, त्याच्या आधीचे दिवस, त्यामुळे होड्यांची लगबग चाललेली. एक म्हातारे गृहस्थ जाळं दुरुस्त करत होते ते समुद्रात बऱ्याच आत असलेल्या खडकांबद्दल सांगायला लागले, वेंगुर्ला रॉक्स म्हणतात त्यांना, तिथे दीपगृह आहे आणि लाळेने घरटी बांधणाऱ्या पाकोळ्या आहेत, त्या घरट्यांचं परदेशात सूप करतात म्हणून पूर्वी चोरी व्हायची. मग ते म्हणाले हंयसर पूर्वी मुंबयची बोट येयत, आणि माझा नवरा एकदम गप्प झाला.

आणि मग बोलायला लागला. त्याचे वडील लग्नाआधी इथे नोकरीला होते, जेमतेम वर्षभर, एवढंच मला माहीत होतं. ते भाऊच्या धक्क्यावरून बोटीने आले होते हे माहीत नव्हतं. बोट लांब उभी राहायची, तिथून पडावात, म्हणजे छोट्या होडीत, उतरायचं आणि मग किनारा. उतरताना लाटेने पडाव हलला, वळकटी वाचली पण नोकरीसाठी घेतलेले नवे बूट हातात धरले होते ते पाण्यात गेले. माणूस पहिल्या दिवशी कचेरीत अनवाणी हजर झाला. साहेबाने पायांकडे बघितलं आणि काहीच बोलला नाही, आणि त्या काहीच न बोलण्याचं बाबांना आयुष्यभर वाटत राहिलं. पहिल्या पगारात त्यांनी वेंगुर्ल्याच्या बाजारातून चपला घेतल्या. बूट नाही, चपला. नंतर मुंबईत कारकून म्हणून रिटायर होईपर्यंत त्यांनी बूट घातले नाहीत. मी सासरे पाहिलेत, सोळा वर्षं एका घरात राहिलेय, लग्नाच्या फोटोतसुद्धा त्यांच्या पायात चपला आहेत हे मी बघितलंय आणि कधी विचारलं नाही.

हे सगळं ऐकायला सव्वीस वर्षं आणि सव्वादोन तास लागले. वीस मिनिटांत नवरा फक्त मोबाईल काढतो.

मग आम्ही चालत बाजारात गेलो. वेंगुर्ल्यातही एक क्रॉफर्ड मार्केट आहे बरं का, मुंबईच्यांनी नावावर हक्क सांगू नये. चपलांचं ते दुकान शोधायचं म्हणून हिंडलो, ते काही सापडलं नाही आणि सापडणारही नव्हतं, पण त्या निमित्ताने सगळा बाजार पाहून झाला, आमसुलं घेतली, फणसपोळी घेतली, खाजं घेतलं, एका मावशीने काजू चाखायला देऊन देऊन अर्धा किलो गळ्यात मारले ते उत्तम निघाले. डच वखार बाहेरून बघितली, सतराव्या शतकातली, पडझड झालीय, पाच मिनिटं पुरतात. दुपारी तळलेले मुडदुशे मासे, सोलकढी, भात. आणि मग मी झोपले, दीड तास, पंखा लावून, मे महिन्यात कोकणात दुपारी दुसरं काहीही करणं मूर्खपणा आहे.

रेडीचा गणपती राहिला तो ह्या झोपेमुळे. हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

संध्याकाळी रिक्षाने आरवलीला निघालो. मी रिक्षावाल्या दादांना म्हटलं उशीर तर नाही ना झाला, तर म्हणाले, "वहिनीनू, घाई कित्याक करतास, वेतोबा खंय पळान जाणा नाय." वेतोबा म्हणजे गावाचा राखणदार, माणसापेक्षा उंच उभी मूर्ती, पूर्वी फणसाच्या लाकडाची असायची, आता पंचधातूची आहे. त्याला केळ्यांचा घड देतात आणि चपला वाहतात, चामड्याच्या, हे एवढाल्या. देव रात्री गावात फिरतो आणि त्या चपलांचे तळ झिजतात अशी लोकांची श्रद्धा आहे. माझा नवरा देवळात पाच मिनिटांच्या वर थांबणारा नाही. तिथे त्या चपलांपुढे तो किती वेळ उभा होता ते मी घड्याळात बघितलं नाही. मी बाहेर येऊन पायरीवर बसले, त्याला बोलावलं नाही.

तिथून शिरोडा वेळागरला गेलो, सुरूच्या झाडांखाली बसलो, सूर्य बुडाला, पायाला वाळू, पिशवीत खाजं. शिरोड्याला 1930 साली मिठाचा सत्याग्रह झाला होता, ती मिठागरं बघायची असतील तर उजेड असताना जा, आम्हाला अंधार झाला. एवढंच आमचं साइटसीइंग.

आता खरी गोष्ट. परत आल्यावर पंधरा दिवसांनी दिरांकडे जेवायला होतो. त्यांनी विचारलं काय काय केलंत, मी सांगितलं. ते म्हणाले वेंगुर्ल्यापर्यंत गेलात आणि रेडीचा गणपती नाही केलात, 1976 ला खाणीत सापडलेली मूर्ती आहे, दोन हातांची, लोक कुठून कुठून येतात, मग गेलात कशाला? आणि माझा नवरा, ज्याने त्या बंदरावर मला एवढं सगळं सांगितलं, तो म्हणाला, "अरे दादा, ही दुपारी झोपली ना."

बस. एवढंच म्हणाला. समोर बसलेला माणूस त्याच बाबांचा मुलगा. त्याला सांगायचं होतं ना की दादा, बाबा जिथे पडावातून उतरले तिथे आम्ही दोन तास बसलो होतो. कदाचित दिरांना बुटांची गोष्ट माहीतही नसेल, कदाचित त्यांना त्यातलं अजून काही माहीत असेल जे आम्हाला कधी कळणार नाही. पण नाही, झोपली. सगळे हसले. मी वाढायला उठले.

त्यावरून आमचं घरी भांडण झालं ते अजून पूर्ण मिटलेलं नाही. तो म्हणतो चारचौघांत ते सांगण्यासारखं नव्हतं, वडिलांचा कमीपणा दिसला असता. मला हे पटत नाही, तेव्हाही पटलं नाही. अनवाणी कामावर जाण्यात कसला कमीपणा? आणि असलाच तर तो झाकायला माझी झोप कशाला वापरायची?

म्हणून तुम्हाला सांगते, काय बघायचं ते ठरवाच, पण परत आल्यावर कोणी विचारलं तर दोघांनी काय सांगायचं ते आधी ठरवा. "आम्ही बंदरावर बसलो होतो" हे वाक्य दोघांनाही ताठ मानेने म्हणता आलं पाहिजे. ते एकालाच म्हणता येणार असेल तर खुशाल रेडी-तेरेखोल करून या, घरात शांतता राहील.

हां, रेडी वाईट आहे असं माझं म्हणणं अजिबात नाही, आम्ही पुढच्या वर्षी मुद्दाम गेलो, सुंदर आहे. तुम्ही परदेशातून आला असाल आणि परत येणं होणार नसेल तर सकाळी लवकर निघून रेडी आधी करा आणि येताना वेतोबा. बरोबर म्हातारी माणसं असतील तर दोनच ठिकाणं, त्यांना गाडीत बसवून ठेवू नका. बंदरावर आठच्या आत जा, नंतर सावली मिळत नाही. आणि वेळागरला रिक्षा सोडू नका, थांबायचे पैसे आधी बोलून घ्या, आम्ही सोडली असती तर अंधारात अडकलो असतो.

नवऱ्याला हे उत्तर पाठवलंय. त्याने वाचलंय, निळ्या टिका आल्यात. दिरांना पाठवू का म्हणून विचारलंय.