बारकोड अल्बमचा, आयएसआरसी ध्वनिमुद्रणाचा

आपल्या भजनी मंडळाच्या आठ अभंगांचा अल्बम ऑनलाइन काढताना वितरकाच्या, म्हणजे गाणी ऑनलाइन सेवांवर पोहोचवणाऱ्या कंपनीच्या, अर्जात यूपीसी आणि आयएसआरसी असे दोन रकाने दिसले. ते एकच आहेत का, विकत घ्यावे लागतात का, आणि जत्रेत विकण्यासाठी सीडी काढली तर तेच क्रमांक चालतील का, असे आपण विचारले आहे. मी गोव्यातल्या फोंड्यात भजने, घुमट आरत्या (घुमट या मातीच्या वाद्यावर म्हटल्या जाणाऱ्या) आणि नाट्यपदे ध्वनिमुद्रित करतो आणि याच दोन रकान्यांत मी स्वतः एकदा चांगलाच गोंधळ घातला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

यूपीसी हा विक्रीच्या वस्तूचा क्रमांक, म्हणजे बारकोडच्या रेघांखाली दिसणारा अंक आहे. तो १२ अंकी असतो. आपल्याकडे साबणापासून बिस्किटांपर्यंत सगळ्यावर दिसणारा १३ अंकी ईएएन हा त्याच कुळातला, आणि यूपीसीच्या आधी शून्य लावले की त्याचा ईएएन होतो. १९७४ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात च्युइंगमच्या पाकिटावर तो पहिल्यांदा दुकानात वाचला गेला, आणि त्याचे काम आजही तेच आहे: गल्ल्यावर आलेली वस्तू नेमकी कोणती हे सांगणे. संगीतात ही वस्तू म्हणजे आपला पूर्ण अल्बम. त्यातला एखादा अभंग आधी सुटा काढलात तर ती वेगळी वस्तू, तिचा क्रमांक वेगळा. अल्बमची सीडी काढलीत तर तिलाही निराळा क्रमांक हवा. आयएसआरसी (इंटरनॅशनल स्टँडर्ड रेकॉर्डिंग कोड) मात्र एकेका ध्वनिमुद्रणाचा असतो. म्हणजे आपल्या अल्बमला यूपीसी एक आणि आयएसआरसी आठ लागतील, आणि सीडीवर तीच आठ ध्वनिमुद्रणे घातलीत तर बारकोड नवा, पण आठही आयएसआरसी जुनेच राहतील.

आयएसआरसी १२ अक्षर-अंकांचा असतो. आयएन-एबीसी-२४-०००१७ असा एक काल्पनिक कोड घ्या. पहिली दोन अक्षरे आणि पुढची तीन मिळून कोड देणाऱ्याची ओळख होते, २४ म्हणजे कोड दिला गेला ते वर्ष, आणि शेवटचे पाच अंक त्या वर्षातला अनुक्रम. इथे वर्ष ध्वनिमुद्रणाचे नसते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही: मंडळाची १९८८ सालची कॅसेट आपण आज डिजिटल केलीत आणि तिला पहिल्यांदाच कोड घेतलात, तर त्यात आजचेच वर्ष येईल. तसेच कोडवरून मालक कोण हे कळत नाही. हक्क दुसऱ्याला विकले तरी कोड बदलत नाही. परदेशी वितरकाकडून घेतलेल्या कोडची सुरुवात क्यूझेड अशीही असू शकते, त्यामुळे घुमट आरतीच्या कोडवर अमेरिकेची अक्षरे दिसली तर दचकू नये.

तोच अभंग त्याच गायकाने पुन्हा गायला, मैफलीत गायला किंवा त्याचे रिमिक्स केले, तर ते नवे ध्वनिमुद्रण होते आणि त्याला नवा कोड लागतो. गोव्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली तेव्हा आयएसआरसी अस्तित्वातच नव्हता, कारण हे मानक १९८६ साली आले. असा कोड नसलेल्या जुन्या ग्रामोफोन तबकड्यांचे संग्राहक ध्वनिमुद्रण ओळखायला अजूनही लेबलाजवळ कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक भिंगाखाली वाचतात.

आता माझी चूक. चतुर्थीच्या आधी आम्ही एक घुमट आरती सुटी काढली. दिवाळीत पूर्ण अल्बम दुसऱ्या वितरकाकडून दिला आणि त्या आरतीपुढचा आयएसआरसीचा रकाना मी रिकामा सोडला. रिकाम्या रकान्यात वितरकाची यंत्रणा आपला नवा कोड भरते, तसा तिने भरला. परिणाम असा झाला की एकच आरती दोनदा दिसू लागली, चतुर्थीत मिळालेले श्रोते एका नोंदीवर राहिले आणि अल्बममधली नोंद शून्यापासून सुरू झाली. कोड नंतर बदलता येत नाही असे उत्तर आल्यामुळे शेवटी अख्खा अल्बम उतरवून जुना कोड घालून पुन्हा द्यावा लागला. आरती, तिचा कालावधी आणि नाव तंतोतंत तेच ठेवल्यामुळे पुढे दोन्हींची मोजणी एकत्र आली.

विकत घ्यावे लागते का, याचे उत्तर असे की फक्त ऑनलाइन काढायचे असेल तर बहुतेक वितरक दोन्ही कोड स्वतःच देतात आणि वेगळा खर्च येत नाही. तिथे बारकोडच्या रेघा लागतच नाहीत, नुसता अंक पुरतो. उलट मुखपृष्ठाच्या चित्रावर रेघा छापल्यात तर ते चित्र नाकारले जाते. सीडीसाठी मात्र रेघा लागतात, आणि हा क्रमांक जीएस१ इंडिया या बारकोड क्रमांक देणाऱ्या संस्थेकडून घ्यावा. सुटे बारकोड स्वस्तात विकणाऱ्यांकडचा क्रमांक बहुधा दुसऱ्याच कोणाच्या नावावर नोंदलेला असतो. ८९० ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे माल भारतात बनला असे नव्हे, तो भारतातल्या संस्थेने दिला एवढेच.

क्रमांक लिहिताना चूक झाली का हे शेवटच्या अंकावरून कळते. १३ अंकी क्रमांकाचे पहिले बारा अंक ८९०१२३४५६७८९ असतील, तर त्यातले पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या अशा विषम स्थानांवरचे अंक मिळवले की २८ होतात, सम स्थानांवरचे ३४. ३४ ची तिप्पट १०२, बेरीज १३०. ही बेरीज दहाच्या पटीत यायला शेवटी जो अंक लागतो तो तेरावा, म्हणून इथे तो ० आहे. आणि छापताना रेघा काळ्या, पाठ पांढरी ठेवा. लाल प्रकाशाच्या स्कॅनरला लाल रेघा दिसतच नाहीत. भगव्या मुखपृष्ठाला शोभाव्यात म्हणून तशा छापलेल्या सीड्या मी म्हापशाच्या एका दुकानातून परत आणल्या आहेत.

अभंग तुकोबांचा असेल तर शब्दांवर कोणाचा हक्क उरलेला नाही, पण चाल आपल्या मंडळातल्या कोणी नव्याने बांधली असेल तर त्या रचनेची ओळख तिसऱ्याच कोडने, आयएसडब्ल्यूसीने होते. तो ध्वनिमुद्रणाचा नसून रचनेचा असतो, म्हणून तीच चाल दोन मंडळांनी गायली तर आयएसआरसी दोन आणि आयएसडब्ल्यूसी एकच. त्यासाठी संगीतकाराने आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कांच्या संस्थेचे सभासद होऊन रचना नोंदवावी लागते. वितरक हे काम आपणहून करीत नाही.

सध्या माझ्या वहीत प्रत्येक ध्वनिमुद्रणाची एक ओळ असते: नाव, गायक, मिनिटे-सेकंद, आयएसआरसी, आणि पुढे ते कोणकोणत्या बारकोडखाली निघाले त्यांची यादी. आपल्या आठ अभंगांपैकी एखादा आधी कुठे सुटा निघाला असेल, तर अर्ज भरण्यापूर्वी जुन्या वितरकाच्या खात्यात जाऊन त्याचा कोड उतरवून घ्या आणि नव्या अर्जात त्याच अभंगासमोर तोच लिहा.