जुन्या स्पोर्ट्स कारचे मॉड्यूल : दुरुस्त करावे की बदलावे?

प्रश्न : माझ्याकडे १९९८ सालची दोन आसनी स्पोर्ट्स कार आहे. गेल्या काही महिन्यांपासून ती अर्धा-पाऊण तास चालवल्यावर अचानक बंद पडते. स्टार्टर फिरतो, पण इंजिन सुरू होत नाही. बॉनेट उघडून वीस-पंचवीस मिनिटे थांबले की काही झालेच नव्हते अशी ती सुरू होते. अलीकडे एबीएसचा (ब्रेक लावताना चाके लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवाही मधूनमधून लागतो. इंजिनाचे कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे इंजिनावर नियंत्रण ठेवणारी इलेक्ट्रॉनिक पेटी (ईसीयू), गेले आहे असे गॅरेजमधून सांगण्यात आले. कंपनी ते आता बनवत नाही. मोडीत निघालेल्या गाडीचे ईसीयू घ्यावे, की आहे तेच दुरुस्त करून घ्यावे?

उत्तर : आहे तेच दुरुस्त करून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे, मात्र ते खरोखरच बिघडले आहे याची खात्री अजून झालेली नाही, आणि ती झाल्याशिवाय पेटीला हात लावू नये.

तापल्यावर बंद आणि गार झाल्यावर सुरू, हे लक्षण ईसीयूमधील तडकलेल्या सोल्डरचे (भाग बोर्डावर जोडणाऱ्या धातूच्या डागाचे) असू शकते. पण तेच लक्षण क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) सेन्सरचे आणि मुख्य रिलेचेही (विजेवर चालणाऱ्या स्विचचेही) असते, आणि हे दोन्ही भाग बदलणे कितीतरी सोपे आहे. म्हणून पुढच्या वेळी गाडी बंद पडेल तेव्हा ती सुरक्षित जागी घेऊन, गार होण्यापूर्वीच दोन गोष्टी पाहाव्यात. किल्ली फिरवल्यावर ‘चेक इंजिन’चा दिवा लागत नसेल, तर ईसीयूला वीजच पोहोचत नसण्याची शक्यता मोठी, म्हणजे आधी रिले, फ्यूज आणि अर्थिंग तपासायचे. दिवा लागतो, पण स्टार्टर फिरत असताना आरपीएमचा काटा शून्यावरून जराही हलत नाही, असे झाले तर बऱ्याच गाड्यांत संशय क्रँकशाफ्टच्या सेन्सरवर जातो. पोर्श ९४४ बाळगणारे अनेक जण डीएमई रिले (इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक्सला आणि इंधनाच्या पंपाला वीज देणारा रिले) गाडीत जादाचा ठेवतात, तो याच अनुभवामुळे : त्या छोट्याशा रिलेतील सोल्डरचे सांधे तडकले की इंधनाचा पंप थांबतो आणि धडधाकट इंजिन जागीच बंद होते.

यानंतर मल्टिमीटर घ्यावा. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. अर्थिंग तपासताना मात्र नुसता रोध मोजून समाधान मानू नये, कारण दहा तारांपैकी एकच शाबूत असली तरी मीटर ‘जोडणी ठीक’ असेच दाखवतो. इंजिन चालू ठेवून, दिवे लावून, ईसीयूची अर्थिंगची पिन आणि बॅटरीचे ऋण टोक यांमधील व्होल्टेज मोजावे, ते ०.१ व्होल्टच्या वर गेले, तर बॉडीवरचा गंजलेला बोल्ट शोधून घासून स्वच्छ करावा. चांगली मॉड्यूल अशा बोल्टपायी बाद ठरवली गेलेली मी पाहिली आहेत आणि त्याचे मला फार वाईट वाटते, कारण या गाड्यांचे मूळ भाग दिवसेंदिवस कमी होत चालले आहेत.

एवढे करूनही बोट ईसीयूकडेच दाखवत असेल, तर बॅटरीची जोडणी काढून, हाताला अँटिस्टॅटिक (अंगातील स्थिर वीज काढून टाकणारा) पट्टा बांधून पेटी उघडावी. पहिली साक्ष बहुधा नाकाला मिळते : गळलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरला माशासारखा उग्र वास येतो. त्याच्या बुडाशी तपकिरी चिकट कडे दिसते आणि शेजारच्या तांब्याच्या रेषा काळपट-हिरव्या पडलेल्या असतात. या कपॅसिटरमधील द्रव रबरी बुचातून वर्षानुवर्षे थोडाथोडा निसटत असतो. तापमान १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते, हे लक्षात घेतले म्हणजे तापलेल्या इंजिनाजवळच्या पेटीचे काय होत असेल ते कळते. दुसरी खूण भिंगाखाली पाहावी लागते. जाड पिनांच्या मुळाशी सोल्डरमध्ये केसाएवढी बारीक वर्तुळाकार चीर असते. ती गार असताना जुळते आणि तापल्यावर फाकते. आपल्या गाडीचे वागणे याच्याशी तंतोतंत जुळते.

दुरुस्ती म्हणजे जुने सोल्डर काढून नवे भरणे आणि सर्व इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर एकदमच बदलणे. नवा कपॅसिटर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्याच किंवा थोड्या अधिक व्होल्टेजचा आणि १०५ अंश सेल्सियसला चालणारा हवा. त्याची धन-ऋण बाजू उलटी लागता कामा नये. सांडलेला द्रव आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढला नाही, तर तांबे पुढेही खात राहतो. बोर्ड अनेक थरांचा असल्याने जास्त उष्णतेने तांब्याची चकती उचकटते. ज्यांचा हात रोजचा नाही, त्यांनी हे काम जाणकाराकडेच द्यावे.

मोडीतल्या गाडीच्या ईसीयूविषयी माझा मुख्य आक्षेप असा, की ते आपल्या ईसीयूच्याच वयाचे असते आणि त्यातील कपॅसिटरही तेवढेच थकलेले असतात. शिवाय इमोबिलायझर (ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत किल्लीची ओळख ईसीयूच्या स्मृतीत साठवलेली असते, त्यामुळे दुसऱ्या गाडीचे ईसीयू नुसते बसवून इंजिन सुरू होत नाही. तरीही बोर्ड जळला असेल आणि दुसरा इलाज नसेल, तर भाग क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून घ्यावा आणि जुन्या ईप्रॉम चिपमधील (ईसीयूची माहिती साठवणाऱ्या चिपमधील) माहिती नव्यात उतरवून घ्यावी. दुरुस्तीला देण्यापूर्वीही या माहितीची प्रत काढून ठेवावी, हा माझा आग्रह आहे.

एबीएसचे प्रकरण वेगळे धरावे. तिथे प्रथम चाकाचा सेन्सर आणि त्याच्यासमोरची दातेरी कडी तपासावी, कारण गंज आणि धूळ यांमुळेही दिवा लागतो. मॉड्यूलच सदोष निघाले, तर आतील अतिसूक्ष्म ॲल्युमिनियमच्या तारा तुटलेल्या असू शकतात. त्या साध्या सोल्डरिंग आयर्नने जोडता येत नाहीत, त्यासाठी खास यंत्र लागते. एअरबॅगच्या मॉड्यूलला मात्र घरी हात लावू नये आणि त्याच्या तारांना मल्टिमीटर मुळीच लावू नये.

प्रश्न : गाडी महिनोन्महिने उभी असते. मॉड्यूल टिकावीत म्हणून काय करावे?

उत्तर : बॅटरीला मेंटेनर चार्जर (उभ्या गाडीची बॅटरी भरलेली ठेवणारा चार्जर) लावून ठेवावा, कारण व्होल्टेज खाली गेले की मॉड्यूल खोटे दोष नोंदवतात आणि तपास भरकटतो. पुढच्या काचेखालील पाणी वाहून जाण्याची भोके पालापाचोळ्याने तुंबलेली नाहीत हे पाहावे. काही गाड्यांत ते पाणी थेट मॉड्यूलच्या पेटीपर्यंत जाते. बॉडीवर वेल्डिंग करायचे असेल, तर आधी बॅटरी आणि मॉड्यूलचे कनेक्टर सोडवावेत, आणि इंजिन चालू असताना बॅटरीचे टोक कधीही काढू नये.