इमर्जन्सीमध्ये ताप असलेल्या प्रत्येक रुग्णाचे ब्लड कल्चर करावे का?

ब्लड कल्चर म्हणजे रक्ताचा नमुना बाटलीत ठेवून त्यात जंतू वाढतात का, हे पाहण्याची तपासणी. ती प्रत्येकाची करण्याची गरज नसते. सेप्सिस (संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागणे), मेंदूज्वर, हृदयाच्या झडपेचा संसर्ग किंवा विषमज्वर यांची शंका असेल, अथवा केमोथेरपीमुळे पांढऱ्या पेशी घटल्या असतील, तर मात्र ही तपासणी टाळू नये. त्वचेच्या साध्या संसर्गात किंवा घरी उपचार घेता येईल अशा न्यूमोनियात तिच्यामुळे उपचार क्वचितच बदलतात.

जंतूंची वाढ दिसायला बहुधा १२ ते ४८ तास लागतात आणि बाटल्या साधारण ५ दिवस यंत्रात ठेवल्या जातात; त्यामुळे अहवाल येतो तेव्हा रुग्ण वॉर्डात असतो आणि कोणते अँटिबायोटिक बदलावे किंवा थांबवावे, हे तेथील डॉक्टर त्यावरून ठरवतात. तरीही नमुना इमर्जन्सीतच घ्यावा लागतो, कारण अँटिबायोटिकचा पहिला डोस गेल्यावर जंतू सापडण्याची शक्यता बरीच घटते. अर्थात सेप्टिक शॉकमध्ये (सेप्सिसमुळे रक्तदाब धोकादायकरीत्या घसरतो तेव्हा) नमुन्यासाठी औषध अडवून ठेवणे धोक्याचे असते. तेथे एका तासाच्या आत अँटिबायोटिक सुरू व्हायलाच हवे.

प्रौढांमध्ये दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून, प्रत्येक वेळी सुमारे २० मिली रक्त घेतात. घाईत त्वचा नीट निर्जंतुक झाली नाही, तर त्वचेवरचेच स्टॅफिलोकोकाय जंतू बाटलीत उतरतात आणि रुग्णाला विनाकारण व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक मिळते. असे दूषित नमुने ३ टक्क्यांच्या आत राहावेत, असा प्रचलित निकष आहे.

आपल्याकडे विषमज्वरासाठी विडाल ही रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी सर्रास केली जाते, पण पहिल्या आठवड्यात ब्लड कल्चर तिच्यापेक्षा कितीतरी विश्वासार्ह ठरते.