बागेच्या जागेवर टर्फ आणि सभागृह: काय अडवता येईल, काय नाही

प्रश्न: आमच्या वसाहतीला लागून महापालिकेची सुमारे ४,००० चौरस मीटरची बाग आहे. अनेक वर्षे ती उजाड होती. आता नूतनीकरण निघाले आहे. चालण्याचा ट्रॅक, खुली व्यायामशाळा, मुलांची खेळणी होणार आहेत. त्याबरोबरच प्रकाशझोतातले बॉक्स क्रिकेटचे टर्फ आणि दुमजली बहुउद्देशीय सभागृहही होणार आहे. टर्फ दहा वर्षांसाठी एका ठेकेदाराला चालवायला देणार आणि तो तासाप्रमाणे पैसे घेणार, असे कळते. पत्रे ठोकून झाले आहेत, १४ झाडांवर आकडे रंगवले आहेत. सोसायटीत दोन तट पडले आहेत. हे सगळे काम थांबवता येईल का? (सचिव, एक सहकारी गृहनिर्माण संस्था, मुंबईबाहेरील महापालिका क्षेत्र)

उत्तर: सचिव महोदया, सगळे काम थांबवा अशी मागणी करू नका. ट्रॅक, खेळणी, बाके, खुली व्यायामशाळा हा बागेचाच वापर आहे. उजाड जागा दुरुस्त होत असताना तिला सरसकट विरोध करणाऱ्यांकडे न्यायालय सहानुभूतीने पाहत नाही, आणि त्या नादात तुमचा खरा मुद्दाही वाहून जाईल. तुमचा खरा मुद्दा दोनच गोष्टींत आहे: सभागृह आणि ठेकेदाराबरोबरचा करार. टर्फचे उत्तर जागेच्या कागदावर ठरेल. झाडांचा विषय वेगळा चालवायचा.

म्हणून आधी कागद. लोक ज्याला बाग म्हणतात ती विकास आराखड्यात (शहरातली कोणती जागा कशासाठी राखीव, म्हणजे आरक्षित, आहे हे ठरवणाऱ्या आराखड्यात) बाग असेलच असे नाही. नगररचना विभागाकडे सर्व्हे क्रमांक देऊन त्या जागेचा भाग नकाशा आणि झोन दाखला मागा. तीनपैकी एक गोष्ट निघेल.

पहिली शक्यता, आरक्षण ‘उद्यान’ असे आहे. मुंबई महापालिका वगळता राज्याच्या बहुतेक भागाला २०२० ची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. आरक्षित जागेचा वापर आरक्षणाशी सुसंगत हवा, हे तिचे मूळ सूत्र आहे. माळ्याची खोली, स्वच्छतागृह, पाण्याची टाकी अशी बागेला पूरक लहान बांधकामे चालतात. लग्नाचे हॉल म्हणून भाड्याने जाणारे दुमजली सभागृह बागेला पूरक नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ते हवेच असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ प्रमाणे आराखड्यात फेरबदल करावा लागेल. त्यासाठी राजपत्रात सूचना, हरकती व सूचनांसाठी एक महिना, बाधितांची सुनावणी आणि शेवटी राज्य शासनाची मंजुरी एवढे सगळे लागते. महापालिकेचा नुसता ठराव किंवा कार्यारंभ आदेश पुरत नाही.

दुसरी शक्यता, आरक्षण ‘क्रीडांगण’ असे आहे. मग टर्फला विरोध करायला फारसा आधार उरत नाही. तो खेळाचाच वापर आहे. मात्र क्रीडांगणाची किमान ९० टक्के जागा खुल्या खेळासाठी मोकळी ठेवावी लागते, बांधकाम उरलेल्या १० टक्क्यांतच बसवायचे. ४,००० चौरस मीटरला ही मर्यादा ४०० चौरस मीटर होते. मंजूर नकाशावर सभागृह, प्रेक्षागॅलरी, तिकीटघर, साठवणखोली यांची बेरीज स्वतः करून पाहा. सभागृहाचे क्षेत्रफळ सगळे विचारतात, पण टर्फच्या कडेची ‘तात्पुरती’ शेड आणि खाद्यपदार्थांचा स्टॉल त्या बेरजेत धरायचा राहून जातो.

तिसरी शक्यता बरेचदा निघते आणि तिच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते: ही जागा आरक्षण नसून तुमच्याच मंजूर रेखांकनातली (वसाहतीच्या ले-आउटमधली) खुली जागा असते. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या रेखांकनात १० टक्के जागा अशी सोडावी लागते. तिथे करमणुकीशी संबंधित बांधकाम जास्तीत जास्त दोन मजली आणि खुल्या जागेच्या १५ टक्क्यांपर्यंत चालते, त्यातही तळमजल्यावर १० टक्क्यांहून जास्त नाही. पंडित चेतराम वशिष्ठ प्रकरणात (१९९५) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की रेखांकनात बागेसाठी सोडलेल्या जागेची देखभाल पालिका करू शकते, पण नुसत्या रेखांकन मंजुरीमुळे ती मालक होत नाही. त्यामुळे अशी जागा बाहेरच्या ठेकेदाराला देण्याचा पालिकेचा अधिकारच आधी तपासावा लागेल. सात-बारा किंवा मिळकत पत्रिकेवर कोणाचे नाव आहे, ते आजच पाहा.

आता करार. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ७९ प्रमाणे पालिकेची स्थावर मालमत्ता भाडेपट्ट्याने द्यायची, तर महापालिकेची मंजुरी लागते आणि मोबदला चालू बाजारभावापेक्षा कमी चालत नाही. हे टाळण्यासाठी कराराला ‘देखभाल करार’ किंवा ‘परवाना’ असे नाव दिलेले आढळते. नावाकडे पाहू नका. ताबा कोणाकडे, कुलूप कोणाचे, शुल्क कोण ठरवते, वसतीतल्या मुलांना फुकट खेळायला ठरावीक तास राखलेत का, मुदत संपल्यावर सामान कोणाचे, ही कलमे वाचा. पूर्ण ताबा आणि दहा वर्षांची मुदत ठेकेदाराकडे असेल, तर न्यायालय मथळ्यापलीकडे जाऊन हा प्रत्यक्षात भाडेपट्टाच आहे का, हे तपासते.

झाडांवर रंगवलेला आकडा म्हणजे तोडण्याची परवानगी नव्हे. तो वृक्षगणनेचाही असू शकतो. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ च्या कलम ८ प्रमाणे परवानगीआधी वर्तमानपत्रात आणि झाडावर सूचना लावावी लागते, आणि परवानगी मिळाली तरी पुढचे १५ दिवस झाड तोडता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षे वा त्याहून जुने झाड वारसा वृक्ष ठरते, आणि एका झाडाच्या बदल्यात त्याच्या वयाइतकी झाडे लावावी लागतात. त्यामुळे अर्जात वय कमी दाखवण्याचा मोह होतो. चौदाही झाडांचा बुंधा जमिनीपासून सुमारे १.३ मीटर उंचीवर मोजा, टेपसकट फोटो काढा आणि ही यादी हरकतीला जोडा. या कायद्यात झाड तोडण्याच्या व्याख्येत झाडाला इजा करणेही येते. ट्रॅकसाठी बुंध्यालगत काँक्रीट ओतणे किंवा टर्फच्या चरासाठी मुळे छाटणे ही तीच तक्रार आहे. प्रत्येक बुंध्याभोवती किमान एक मीटर माती मोकळी ठेवण्याची मागणी लेखी करा.

आवाजाबद्दल ध्वनिप्रदूषण नियम, २००० आहेत: निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्र म्हणजे १० ते ६. पातळी मर्यादेपेक्षा १० डेसिबलने किंवा त्याहून जास्त ओलांडली की तक्रार करता येते. पण हा हक्क टर्फ सुरू झाल्यावरचा. आता मागायचे ते करारातच: रात्री १० ला बंद, ध्वनिक्षेपक नाही, दिव्यांना खिडक्यांच्या बाजूने आडोसा, आणि या अटी मोडल्यास दंडासह करार रद्द. करार झाल्यावर या अटी घालून घेणे फार जड जाते.

माहितीच्या अधिकारात एकच लांबलचक अर्ज करू नका. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द एवढी मर्यादा आहे. मोठा अर्ज त्याच कारणाने परत येतो. तीन अर्ज करा, प्रत्येकी १० रुपयांचे न्यायालय फी मुद्रांक लावून. नगररचना विभागाकडे आरक्षण, मंजूर नकाशा आणि कलम ३७ ची कार्यवाही. उद्यान विभागाकडे अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश आणि वृक्ष परवानगी. मालमत्ता विभागाकडे ठराव, मूल्यांकन आणि करार. कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये कामाची प्रत्यक्ष पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. तो स्वतंत्रपणे मागा. ३० दिवसांत उत्तर नाही आले, तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील.

उत्तराची वाट पाहत मात्र बसू नका. आयुक्तांना हरकतीचे पत्र याच आठवड्यात द्या, प्रत सहायक संचालक नगररचना आणि उद्यान अधीक्षक यांना, आणि प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांक घ्या. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली बी. एस. मुद्दप्पा प्रकरणात बंगळुरूमध्ये बागेची जागा खासगी रुग्णालयाला देणे रद्द केले, आणि रहिवाशांना दाद मागण्याचा हक्क आहे हे मान्य केले. लखनौच्या झंडेवाला पार्कमधले भूमिगत व्यापारी संकुल तर १९९९ साली पाडायला लावले. तरी दुसऱ्या निकालाच्या भरवशावर थांबू नका. सार्वजनिक पैसा खर्च होऊन स्लॅब पडला की ‘इतके दिवस कुठे होता?’ हा प्रश्न न्यायालय विचारतेच. सभागृहाच्या पायाची खोदाई ही तुमची व्यवहारातली शेवटची तारीख समजा.

कुठे जायचे, यातही चूक होते. अनेक जण राष्ट्रीय हरित लवादाकडे धावतात. पण नगररचना अधिनियम किंवा राज्याचा वृक्ष कायदा लवादाच्या अनुसूचीत, म्हणजे तो ज्या कायद्यांखालचे वाद ऐकतो त्यांच्या यादीत, नाही. केवळ आरक्षणभंगाची तक्रार तिथे टिकणे कठीण. आरक्षण आणि करारासाठी उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली याचिका हा सरळ मार्ग आहे. दिवाणी दावा करायचा झाला, तर महापालिका अधिनियमाच्या कलम ४८७ प्रमाणे एक महिन्याची लेखी नोटीस आणि दाव्याचे कारण घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत ध्यानात ठेवा. याचिका संस्थेच्या नावे करायची तर सर्वसाधारण सभेचा ठराव हवा. दोन तट असल्यामुळे तो मंजूर होईलच असे नाही. तसे असेल तर बागेला लागून राहणाऱ्या दोन-तीन सभासदांनी व्यक्तिशः याचिकाकर्ते व्हावे. नोंदणी नसलेल्या ‘बाग बचाव समिती’च्या नावाने अर्ज करू नका.

ठरावाची भाषा अशी ठेवलीत, तर दुसरा तटही सही करू शकेल: ‘बागेच्या नूतनीकरणास संस्थेचा पाठिंबा आहे. सभागृह या जागेतून वगळून त्यासाठी आरक्षित असलेल्या अन्य जागेवर करावे. टर्फचा करार मंजुरीपूर्वी जाहीर करून त्यावर हरकती मागवाव्यात. ट्रॅकला आणि प्रवेशद्वाराला १:१२ पेक्षा तीव्र नसलेला उतार ठेवावा.’ शेवटची ओळ दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या सुगम्यतेच्या बंधनावर उभी आहे, आणि तिला कोणताच अधिकारी नाही म्हणू शकणार नाही. ठरावाची प्रत, भाग नकाशा आणि झाडांची यादी हाती आली की ती घेऊन वकिलाकडे जा; मसुद्याला त्याहून जास्त काही लागणार नाही.