सोसायटीच्या आंब्यावर हिरवे काटेरी सुरवंट झालेत, हात लागला की आग होते. झाड काढावं लागेल का?

झाड काढू नका. रंग पोपटी, पाठीवर निळा पट्टा आणि बाजूंना काट्यांचे झुबके असतील, तर हा पॅरासा लेपिडा नावाच्या पतंगाचा सुरवंट. आंबा, नारळ, एरंड, गुलाब, त्याला काहीही चालतं. तो पायांनी चालत नाही, गोगलगायीसारखा सरकतो.

लहान असताना हे घोळक्याने पानाच्या खालची बाजू खरवडतात, पान जाळीसारखं दिसतं. मोठे झाले की पांगतात आणि कडेपासून पान फस्त करत जातात. वाढलेला आंबा एवढ्याने मरत नाही, पुन्हा पालवी फुटते. कुंडीतलं कलम असेल तर मात्र हयगय नको.

खरा त्रास आपल्याला. मुलुंडला आमच्या गॅलरीला आंब्याची फांदी टेकते. एकदा दोरीवरचा टॉवेल काढून मानेवर टाकला आणि शॉक बसल्यासारखा ओरडलो. काटे पोकळ असतात, आत विष. चोळू नका (मी चोळलं, मग रात्रभर जागा). सेलोटेप चिकटवून ओढायची, दोन-तीनदा, नवी पट्टी घेऊन. मग साबणाने धुऊन बर्फ. डोळ्यात गेलं किंवा धाप लागली तर थेट डॉक्टर.

घोळका असलेली पानं लांब कात्रीने कापून साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाका. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. हात पोचत नसेल तर बीटी पावडर (सुरवंट मारणाऱ्या जिवाणूची भुकटी) पाण्यात कालवून संध्याकाळी फवारा, उन्हात ती लवकर निकामी होते. लहान सुरवंटांवरच ती नीट चालते, म्हणून उशीर नको.

खोडही बघा. चिंचोक्याएवढे तपकिरी, टणक कोष चिकटलेले असतील. झाकण उघडलेला रिकामा कोषसुद्धा बोटाने काढू नका, त्याच्यावरही काटे असतात. आमचा माळी तिथेच फसला.

आणि सेक्रेटरी ऐकतच नसतील तर सांगा, १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. आमच्याकडे एवढं ऐकल्यावर मीटिंग पाच मिनिटांत आटोपली.

जिन्यातल्या ट्यूबलाइटपाशी हिरव्या पंखांचा, तपकिरी काठाचा पतंग दिसला तर तो हाच. त्याला काटे नसतात.